ट्रेडिंग जर्नल अ‍ॅप: सात-आठ महिने वापरून (आणि एसटीटी या सरकारी करावरून भांडून)

नाव लिहीत नाही, सपोर्टवाल्यांशी अजून मेलामेली चालूये. अशी अ‍ॅप्स म्हणजे आपल्या सौद्यांची वही, साधारण सारखीच, ब्रोकरची ट्रेडबुक (सौद्यांची यादी) टाकायची, टॅग लावायचे, महिन्याअखेर ग्राफ बघायचे, त्यामुळे फीचर्स सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते चार्जेसच्या कॉलमबद्दल.

ऑप्शन (ठरलेल्या भावाला पुढे खरेदी-विक्री करायचा हक्क) विकताना प्रीमियमवर, म्हणजे त्या हक्काच्या किमतीवर, लागणारा एसटीटी १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.०६२५ वरून ०.१ टक्के झाला. मी प्लॅन घेतला दिवाळीत आणि फेब्रुवारी उजाडला तरी यांचा हिशोब जुन्याच रेटने. निफ्टी ऑप्शनचा तेव्हाचा ७५ चा एक लॉट (एका वेळी कमीत कमी घ्यावा लागणारा गठ्ठा) १०० च्या प्रीमियमला घेऊन तेवढ्यालाच विकला तर एसटीटी व्हायचा साडेसात रुपये, अ‍ॅप दाखवायचं ४ रुपये ६९ पैसे. बायको म्हणाली पावणेतीन रुपयांसाठी किती मेल लिहिणारेस! आणि मेलला उत्तर काय, तर चार्जेस अंदाजे असतात. अहो अंदाजेच हवं असतं तर घरातली वही काय वाईट होती, वर्षाचे पैसे कशाला भरले?

बरं, त्याच ट्रेडला दोन्ही बाजूंचं २०-२० ब्रोकरेज, एक्स्चेंजचे सव्वापाच, वर जीएसटी, स्टॅम्प ड्युटी सगळं धरून ६१ च्या आसपास जायचे. म्हणजे पाऊण पॉइंटाहून (एक पॉइंट म्हणजे त्या लॉटला ७५ रुपये) जास्त मिळाल्याशिवाय आपण शून्यावरही यायचो नाही. दिवसात दहा वेळा आत-बाहेर केलं की सहाशे गेले. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासातले एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) मधले ९३ टक्के लोक तोट्यात हे सगळे फॉरवर्ड करतात, पण त्यातच असंही आहे की २०२३-२४ मध्ये माणशी सरासरी २६ हजार रुपये नुसते ट्रेडिंगच्या खर्चात गेले. त्यावर कुणी रील बनवत नाही.

अपडेट: काँट्रॅक्ट नोट (ब्रोकरचं सौद्याचं बिल) आणि त्यांचा हिशोब शेजारी शेजारी लावून पीडीएफ पाठवली, तेव्हा कुठे मार्चमध्ये रेट बदलला. जुने ट्रेड मात्र परत इम्पोर्ट करावे लागले. सॉरी वगैरे काही नाही.

पण रेट बरोबर आल्यावर एक रिपोर्ट कामाचा निघाला, हे मान्य. वेळेनुसार नफा-तोटा, चार्जेस वजा करून. सव्वानऊ ते साडेनऊचे ट्रेड ग्रॉसमध्ये हिरवे आणि नेटमध्ये लाल! आता साडेनऊपर्यंत नुसता बघत बसतो. दुसरं, कारण आणि स्टॉपलॉस (तोटा कुठे थांबवायचा तो भाव) लिहिल्याशिवाय एंट्री सेव्हच होत नाही, आधी जाम डोक्यात जायचं कारण तेवढ्यात भाव पळतो, पण दोन लाखाच्या भांडवलावर ट्रेडला एक टक्का म्हणजे दोन हजार रिस्क धरली तर ७५ च्या लॉटला २६ पॉइंटांपर्यंतच स्टॉप बसायचा, त्याहून लांबचा टाकला की बॉक्स लाल व्हायचा आणि ट्रेड सोडायचा. त्याआधी लॉट २५ चा होता तेव्हा हा प्रश्नच यायचा नाही. ही सवय अ‍ॅपमुळेच लागली, त्याचं क्रेडिट देतो.

मूडचे इमोजी आणि दर शनिवारचा तो डिसिप्लिन स्कोअर, फालतू.

वर्षाचा प्लॅन रिन्यू करणार नाही, कारण-स्टॉपलॉसचे कॉलम एक्सेलमध्ये बनवून झालेत, फुकट. ज्यांना सोडायचंय त्यांनी आधी सीएसव्ही (सगळ्या ट्रेडची फाइल) काढून घ्या, एफ अँड ओ म्हणजे बिझनेस इन्कम, आयटीआर-३ च्या वेळी सीए टर्नओव्हर (उलाढाल) मागणारच आणि प्लॅन संपला की एक्सपोर्टचं बटण बंद होतं.