वही खोटी, करार खरा : न्यूयॉर्कमध्ये चालू धंदा विकत घेताना झालेली फसवणूक

अमेरिकेत चालू धंदा विकत घेण्याच्या विचारात असलेल्या मराठी कुटुंबांनी सावध व्हावे, एवढ्यासाठीच हे लिहीत आहे. माझे पती आणि धाकटे दीर यांनी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एक छोटे उपाहारगृह विकत घेतले. विकणारे गृहस्थ मराठीच होते आणि गणपतीला आमच्याकडे जेवून गेलेले होते. ‘वहिनी, आपल्याच माणसाच्या हाती जावे म्हणून बाहेर कोणाजवळ बोललो नाही,’ असे त्यांनी मलाही सांगितले होते.

त्यांची विक्रीकराची विवरणपत्रे पाहिली तर विक्री बेताचीच दिसत होती. त्यावर त्यांचे म्हणणे असे की, रोखीचा निम्मा धंदा कागदावर दाखवलेलाच नाही, तेव्हा खरा आकडा हवा असेल तर ही हाताने लिहिलेली वही पाहा. किंमत त्या वहीवरून ठरली. ताबा मिळाल्यावर काही आठवड्यांतच उघड झाले की विवरणपत्रांतलाच आकडा खरा होता आणि वही केवळ आम्हाला दाखवण्यासाठी लिहिलेली होती.

आता तेथील कायद्याविषयी, कारण आमचे खरे नुकसान तेथेच झाले. लेखी करार पूर्ण आणि अंतिम आहे असे कलम त्यात असेल, तर त्याआधी झालेल्या तोंडी बोलण्याने कराराच्या अटी बदलता येत नाहीत. फसवणुकीचा आरोप मात्र सहसा या नियमाबाहेर राहतो. ती वाटही बंद करणारे एक वाक्य आमच्या करारात होते : विक्री, खर्च आणि नफा यांविषयी विकणाऱ्याने कोणतेही कथन केलेले नाही आणि घेणारा अशा कोणत्याही कथनावर विसंबलेला नाही. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९५९ साली ‘डॅनन रिअल्टी विरुद्ध हॅरिस’ या खटल्यात नेमक्या अशाच वाक्यामुळे घेणाऱ्याचा फसवणुकीचा दावा फेटाळला, आणि तेथेही तक्रार इमारतीचा खर्च व नफा यांविषयी तोंडी खोटे सांगितल्याचीच होती. जी गोष्ट केवळ विकणाऱ्यालाच ठाऊक असू शकते, तिच्याबाबत न्यायालये अपवाद करतात. पण हिशेब तपासण्याची संधी घेणाऱ्याला होती असे दिसले, की तो अपवाद टिकवणे फार अवघड जाते. आमच्या विकणाऱ्याने हिशेब तपासू दिला होता, आणि ते वाक्यही त्याच्याच वकिलाने घातले होते. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

याच न्यायालयाचा १९९० सालचा ‘सीबीएस विरुद्ध झिफ-डेव्हिस’ हा निकाल घेणाऱ्याच्या बाजूचा आहे आणि तो प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. आर्थिक आकड्यांची हमी करारातच लिहिलेली असेल, तर घेणाऱ्याला त्या आकड्यांविषयी शंका असतानाही हमीभंगाचा दावा करता येतो, कारण त्याने पैसे त्या हमीसाठीच मोजलेले असतात. म्हणून कोणी वही पुढे केली, तर तोच आकडा हमी म्हणून करारात लिहून मागावा. खरे बोलणाऱ्याला त्याची अडचण वाटण्याचे कारण नाही.

दुसरा घाव विक्रीकराचा. न्यूयॉर्क शहरात शिजवलेल्या अन्नावर ८.८७५ टक्के विक्रीकर ग्राहकाकडून घेऊन सरकारात भरावा लागतो. धंद्याची मालमत्ता एकगठ्ठा विकत घेणाऱ्याने पैसे देण्याच्या किंवा ताबा घेण्याच्या, यांपैकी जे आधी असेल त्याच्या किमान दहा दिवस अगोदर राज्याच्या करखात्याला ठरावीक सूचना द्यावी लागते. ती न दिल्यास विकणाऱ्याच्या थकलेल्या विक्रीकराची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. ‘एवढ्याशा दुकानाला याची गरज नसते, दोघांचे काम एकच वकील करतील,’ असे आम्हाला सांगण्यात आले. सूचना गेली नाही आणि थकबाकीची नोटीस आमच्या नावे आली. स्वयंपाकघरातील शीतकोठीवरही कर्ज देणाऱ्या कंपनीचा हक्क राज्याच्या नोंदीत आधीच दाखल होता. असा हक्क सावकाराच्या संमतीवाचून वस्तू विकली तरी सहसा वस्तूबरोबरच जातो. ही नोंद कोणालाही शोधता येते.

एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढली आहे, घरादाराला धक्का नाही, हेही आम्ही ऐकले होते. एलएलसीमुळे मालकाची खासगी मालमत्ता धंद्याच्या देण्यांपासून वेगळी राहते हे खरे, परंतु जागेच्या भाडेकराराला जोडून पतींकडून पूर्ण मुदतीची वैयक्तिक हमी घेण्यात आली, आणि तिच्यापुढे ते संरक्षण उरत नाही. न्यूयॉर्कमध्ये ‘गुड गाय गॅरंटी’ नावाचा सौम्य प्रकार प्रचलित आहे, ज्यात ठरल्याप्रमाणे सूचना देऊन, तोपर्यंतचे भाडे चुकते करून जागा रिकामी केली की पुढच्या भाड्याची हमी संपते. तो मागता येतो, हे सांगणारा आमच्या बाजूचा वकील तेथे नव्हता.

आमचा दावा अजून चालू आहे. जिंकलो तरी वकिलाचे शुल्क आमचेच जाईल, कारण अमेरिकेत करारात किंवा कायद्यात तशी तरतूद नसेल तर प्रत्येक पक्षाने आपापल्या वकिलाचा खर्च सोसायचा असतो. हरणाऱ्याने तो द्यावा असे कलम सहीपूर्वीच घालून घेता येते. मात्र ते दोन्ही बाजूंना लागू पडते, तेव्हा आपल्या स्वतंत्र वकिलाला विचारूनच ते मागावे.