थेट संबोधन की तटस्थ वर्णन?

साताऱ्याची ऑनलाइन प्रवास-मार्गदर्शिका एकत्र संपादित करणाऱ्या आमच्या गटातील एका मैत्रिणीला प्रश्न पडला आहे, की वाचकाला ‘तुम्ही’ म्हणून थेट सांगावे, की विश्वकोशासारखे तटस्थ वर्णन करावे.

उपयोगाच्या दृष्टीने थेट संबोधन सरस ठरते. ‘कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे’ हे वाक्य अचूक आहे. परंतु ‘फुले पाहायची असतील तर सप्टेंबरात या, पाऊस गृहीत धरा आणि पायवाट सोडून फुलांत शिरू नका’ या वाक्याने प्रवाशाचा दिवस सत्कारणी लागतो आणि पठारही जपले जाते. विकिव्हॉयेजवर, जिथे मजकूर प्रवाशासाठीच असतो, ही शैली सहज खपते. विकिपीडियावर ती बसत नाही.

टिकाऊपणात मात्र तटस्थ वर्णन पुढे आहे. ‘सध्या’, ‘नुकताच’ असे शब्द थेट शैलीत नकळत येतात, आणि वर्षभराने ते वाचकाची दिशाभूल करतात. उपाय सोपा आहे: महिना व वर्ष लिहावे.

श्रमाचे म्हणाल तर, अनेक हातांनी लिहिताना ‘तुम्ही’, ‘आपण’ आणि ‘पर्यटकांनी’ यांची सरमिसळ होते, जी निस्तरणे मला सर्वांत कष्टाचे वाटते.

म्हणून अजिंक्यताऱ्याच्या इतिहासासाठी तटस्थ वर्णन घ्यावे; वाट, वेळ, मुक्काम आणि सावधगिरी यांसाठी ‘तुम्ही’ वापरावे.