महासत्तांच्या चढाओढीत लहान देश: फिनलंडची वाट की व्हिएतनामची?

बलाढ्य शेजाऱ्याच्या सावलीत राहणाऱ्या देशाने कुणाच्या तरी गटात जावं, की सगळ्यांशी बोलत राहून स्वतःचं अंतर राखावं?

फिनलंडने गट निवडला. रशियाशी सुमारे १,३४० किलोमीटरची सीमा असूनही शीतयुद्धात तो नाटो या अमेरिकेच्या पुढाकाराने चालणाऱ्या लष्करी युतीबाहेरच राहिला होता. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठं आक्रमण केलं आणि ४ एप्रिल २०२३ रोजी फिनलंड नाटोत दाखल झाला. नाटो कराराच्या कलम ५ नुसार एका सदस्यावरचा हल्ला हा सर्वांवरचा हल्ला. कवच मोठंच आहे, पण त्याची ताकद बरीचशी वॉशिंग्टनच्या इच्छाशक्तीवर टिकून आहे, आणि ती दर निवडणुकीनंतर तशीच राहील असं नाही.

व्हिएतनामचं धोरण नेमकं उलट: लष्करी युती नाही, परकीय तळ नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये हनोईत बायडेन आले, डिसेंबरमध्ये शी जिनपिंग, जून २०२४ मध्ये पुतिन. दहा महिन्यांच्या आत तिघांचंही स्वागत! ज्या चीनशी १९७९ मध्ये युद्ध झालं, त्याच्याशीच आज सर्वाधिक व्यापार चालतो. ही कसरत मला मनापासून थक्क करते. मात्र दक्षिण चीन समुद्रात चीनशी प्रसंग ओढवला, तर मदतीला धावून यायला कुणीच बांधील नाही.

फिनलंडच्या जागी मीही नाटोच निवडलं असतं. व्हिएतनामपुढे तो पर्यायच नाही. आशियात तशी संघटना नाही, आणि चीनला डिवचून व्हिएतनामचे कारखाने चालणार नाहीत.