मुलाचे रोजचे फोटो: ३५ एमएम की ५० एमएम?

निकॉन किंवा सोनीच्या क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान सेन्सरवर, ५० एमएम लेन्स ७५ एमएमसारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी मावतं. चेहरा देखणा येतो, मागचं सगळं धूसर होतं. पण दोन खोल्यांच्या घरात मागे सरकावं तर पाठ भिंतीला टेकते. ३५ एमएम तिथे साधारण ५२ एमएमइतकी. लेक वरणभात कालवतोय, शेजारी आजी, ओट्याशी आई, जमिनीवर खेळण्यांचा पसारा, असं सगळं एका चौकटीत मावतं. मला तो पसारा हवाच असतो. मोठेपणी त्याला स्वतःच्या चेहऱ्याइतकंच हे घरही बघावंसं वाटेल.

दोन्ही एफ/१.८ मध्ये, म्हणजे भरपूर उजेड आत घेणाऱ्या मोठ्या छिद्राच्या, मिळतात, त्यामुळे खिडकीचा उजेड पुरतो. पळत्या पोरासाठी शटरचा वेग १/२५० सेकंद तरी ठेवावा. बागेत ५० छान. एकच घ्यायची तर ३५.