हेडलाइट घरी घासले, त्यावर एक पावसाळा गेला

आधीच सांगून टाकतो. पिवळे पडलेले हेडलाइट घासणं सोपं आहे, कोणालाही जमेल. घासल्यानंतर वर काय लावता यावर सगळं अवलंबून आहे. किनाऱ्याजवळ राहत असाल तर हात सैल सोडायचा तो तिथेच.

आमची गाडी दहा वर्षांच्या पुढची, रत्नागिरीच्या बाजूची. समुद्र हाकेच्या अंतरावर. अंगणात सावली आहे ती माडांची, आणि माडाखाली गाडी लावायची हिंमत कोकणात कोण करतो? त्यामुळे गाडी उघड्यावर, तोंड पश्चिमेला, दुपारपासून मावळेपर्यंतचं ऊन थेट दिव्यांवर. या दिव्यांचं आवरण पॉलिकार्बोनेटचं असतं. दगड उडून लागला तरी सहसा फुटत नाही, पण उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत, म्हणून कारखान्यातच वर एक पातळ कडक कोट दिलेला असतो. तो कोट झिजला की पिवळेपणा सुरू होतो, तोही आभाळाकडे तोंड असलेल्या वरच्या भागापासून. शिवाय खाऱ्या वाऱ्याचा थर आणि लाल धूळ कोरड्या फडक्याने पुसायची आपली सवय. त्याचे ओरखडे वेगळेच.

अशा दिव्यातून उजेड कमी पडतो एवढंच नाही, तो पसरतोही. आंबा घाटात धुकं असलं की आपल्याला रस्ता दिसत नाही आणि समोरच्याच्या मात्र डोळ्यांत जातो.

टूथपेस्टचा सल्ला तुम्हालाही कोणीतरी दिला असेलच. आमच्या शेजारच्या काकांनी त्यांच्या गाडीवर करून दाखवला. दिवा चमकला, हे खरं. टूथपेस्ट म्हणजे बारीक पॉलिशच, पण घासल्यावर उघडं पडलेलं प्लास्टिक झाकायला तिच्यात काही नाही. उन्हाळा संपायच्या आत दिवे होते तसे. डास पळवायचा स्प्रे किंवा थिनर लावणारेही भेटतात. त्यांनी प्लास्टिकचा वरचा थर मऊ पडतो, बारीक तडे जातात. त्या वाटेला जाऊच नका.

मी दोन दिव्यांवर मुद्दाम दोन प्रकार केले. डाव्यावर ऑनलाइन मिळणाऱ्या किटमधलं पुसून लावायचं लोशन, उजव्यावर टू-के क्लिअर कोट, म्हणजे हार्डनर मिसळून कडक होणारा दोन घटकांचा पारदर्शक रंग, स्प्रे कॅनमधला. किट स्वस्त पडलं, कॅनला त्याच्या दुपटीहून जास्त गेले. नवीन दिव्याची जोडी घ्यायची तर याच्या कितीतरी पट.

घासणं 1500 नंबरपर्यंत दोन्हीकडे सारखंच. भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावायचे, मग 800 चा वॉटर पेपर (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक), नंतर 1000, नंतर 1500, सतत पाणी मारत. एका नंबरने आडवं घासलं तर पुढच्याने उभं, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. सुरुवातीला ओघळणारं पाणी हळदीच्या पाण्यासारखं पिवळं असतं. ते पांढरं यायला लागलं की जुना कोट निघाला. काही ठिकाणी मात्र कोटाची बेटं शिल्लक राहतात, कडेवरून नख फिरवलं की पायरी लागते. ती गेल्याशिवाय 1000 ला हात लावायचा नाही, नाहीतर नव्या कोटाखालून तिची रेघ दिसत राहते. ओला असताना दिवा स्वच्छ दिसतो आणि वाळला की पांढराफटक, दुधी काचेसारखा. घरचे तेव्हा माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ते विचारू नका. घाबरायचं काही नाही, ओरखड्यांत पाणी भरलं की ते दिसत नाहीत आणि क्लिअर कोटही तेच काम करतो. म्हणून स्प्रे मारायचा असेल तर 1500 वर थांबा, अगदी गुळगुळीत पृष्ठभागावर कोट धरत नाही. लोशनसाठी मात्र 3000 पर्यंत जाऊन वर रबिंग कंपाऊंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट, मारावं लागतं. सगळ्यात जास्त हात तिथे दुखले.

स्प्रेची वेळ महत्त्वाची. हवेत दमटपणा असला की कोट पांढुरका पडतो, म्हणजे पावसाळ्यात हा विषयच नको. मी थंडीत केलं, सकाळी दव उडाल्यावर, जमिनीकडून येणारा मतलई वारा असतानाच. दुपारी समुद्राकडून वारा सुटायच्या आत काम आटोपलं. टू-के च्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसाला वाईट. फडकं बांधून किंवा साध्या मास्कवर भागत नाही, वाफेसाठीचा कार्ट्रिजवाला मास्क, चष्मा आणि हातमोजे घ्या, पोरांना लांब ठेवा. आंब्याला मोहोर असेल तर तुडतुड्यांकडेही लक्ष असू द्या. उजव्या दिव्याच्या कोपऱ्यात एक अडकला तो अजून तिथेच आहे, पायांसकट.

आता निकाल. सुरुवातीला दोन्ही दिवे झकास. आधी गडग्यावर उजेड टाकला की डिपरची वरची रेघ नुसती धूसर दिसायची, आता जांभ्याचे चिरे मोजता येतील इतकी स्पष्ट. मे संपेपर्यंत फरक सांगता आला नसता. पावसाळा सरता सरता लोशनवाल्या दिव्याची वरची कड पिवळसर झाली, हात फिरवला तर खरखरीत लागते. टू-के वाला तसाच आहे, त्यावर पाणीही ठरत नाही. लोशन वाईट आहे असं म्हणणार नाही. गाडी शेडमध्ये असेल आणि दर काही महिन्यांनी परत लावायची चिकाटी असेल तर तेही चालेल. आमच्याकडे दोन्ही नाही.

घासण्याआधी टॉर्च मारून आत बघा. आतून वाफ धरत असेल तर सीलचा प्रश्न आहे, बाहेरून कितीही घासा. रिफ्लेक्टरची चांदी उडाली असेल तरी तेच. 60/55 वॅटच्या जागी 100/90 चा बल्ब टाकून फिरणाऱ्यांचे रिफ्लेक्टर उष्णतेने असेच काळवंडतात.

दिवाळीनंतर डावा दिवा परत घासून त्यावरही टू-के मारणार आहे. कॅनची खालची पिन दाबून हार्डनर एकदा मिसळला की तो एक-दोन दिवसांत घट्ट होतो, उरलेला ठेवता येत नाही. म्हणून काकांना सांगून ठेवलंय, त्याच दिवशी तुमचेही दोन्ही दिवे घासून तयार ठेवा, कॅन पुरतो.