कुत्र्याचं मुसकं घेताना: नायलॉनची पट्टी, तारेची जाळी की मऊ टोपली?

पुण्यातल्या पेट शॉपमध्ये ‘मझल द्या’ म्हटलं की काउंटरवर बहुधा आधी येते ती नायलॉनची काळी पट्टी. तोंडाभोवती गुंडाळा, कानामागे क्लिप लावा, झालं. स्वस्त असते, खिशात मावते. फिरायला नेण्यासाठी ती घेऊ नका. कुत्रा अंग थंड करतो ते मुख्यतः तोंड उघडून, जीभ बाहेर काढून, धापा टाकून. पट्टी घट्ट बसली की तोंड उघडत नाही, सैल ठेवली की पुढच्या दातांनी चावता येतं. मधली जागाच नाही. एप्रिलच्या दुपारी ही पट्टी लावून कुत्र्याला टेकडीवर नेलं तर उष्माघात व्हायला फार वेळ लागत नाही. डॉक्टरांच्या टेबलावर इंजेक्शन टोचून होईपर्यंत दोन-चार मिनिटं, एवढाच तिचा उपयोग.

लोखंडी तारेचं मुसकं मजबूत असतं, हवाही भरपूर खेळते. ज्या कुत्र्याने आधी कडकडून चावा घेतलाय त्याच्यासाठी ते योग्यच. पण जड असतं आणि वळताना कुत्र्याची धडक बसली की आपल्या नडगीवर वळ उठतो. तारेवरचं आवरण निघालं की पावसाळ्यात गंज धरतो.

बहुतेक घरांसाठी मऊ प्लास्टिक किंवा सिलिकॉनची टोपली सगळ्यात बरी. घेताना तीन गोष्टी बघा. कपाळावरून कानांमधून मागे जाणारा पट्टा आहे का? तो नसेल तर कुत्रा पुढच्या पंजाने ओढून दहा सेकंदांत मुसकं उतरवतो. पट्ट्याला गळपट्ट्यात अडकवायची फीत आहे का? आणि समोरच्या फटी खाऊचा तुकडा आत जाईल एवढ्या आहेत का? पाणीही पिता आलं पाहिजे; टोपली घालून वाडग्यात तोंड बुडवू द्या, लगेच कळतं. काही प्लास्टिकच्या टोपल्या गरम पाण्यात धरून थोड्या रुंद करता येतात. सिलिकॉनला हा उपाय चालत नाही.

माप जातीवरून सांगू नका, टेप लावा. नाकाच्या टोकापासून डोळ्यांच्या साधारण एक सेंटिमीटर अलीकडपर्यंत लांबी. मग तोंडाचा घेर, आणि तोही कुत्रा धापा टाकत असताना. मिटलेल्या तोंडावर घेतलेलं माप हमखास लहान निघतं. टोपली आणि नाकाचं टोक यांत सेंटिमीटरभर जागा राहिली पाहिजे, मानेच्या पट्ट्याखाली एक बोट जायला हवं. टोपलीची वरची कड डोळ्याला टेकत असेल तर ती लांब आहे. गावठी कुत्र्याचं तोंड लांब आणि निमुळतं, त्याला लॅब्रॅडॉरची टोपली घेरात ढिली होते. पगला नेहमीचं काहीच बसत नाही, चपट्या तोंडासाठी वेगळं जाळीचं येतं. शक्यतो कुत्र्याला दुकानात घेऊनच जा, कारण ‘वापरलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी काउंटरमागे असतेच.

सगळ्यात जास्त चूक होते ती पहिल्या दिवशी. मुसकं आणलं, बांधलं, ओढत दवाखान्यात नेलं. मग ते दिसताच कुत्रा पलंगाखाली. त्याऐवजी टोपली हातात वाटीसारखी धरा, आत चक्का किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा लावा आणि त्याला स्वतःहून तोंड घालू द्या. पीनट बटर वापरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नाही ना ते वाचा, कुत्र्यांना ते विषारी असतं. दिवसातून दोनदा, दर वेळी आठ-दहा घास. तीन-चार दिवसांनी पट्टा मानेवर नुसता टेकवा, मग दोन सेकंद लावा, मग तीस, मग पाच मिनिटं. पंजाने ओरबाडायला लागला की घाई झाली समजा, एक पायरी मागे या. दोन-तीन आठवडे धरून चला.

मुसकं चावा थांबवतं, भीती नाही. लिफ्टचं दार उघडतं, समोर डिलिव्हरीवाला. कुत्रा तोंड फिरवतो, ओठ चाटतो, कारण नसताना जांभई देतो, डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो, आणि मग एकदम थिजतो. थिजला की त्याला तिथून काढा, पुढची लिफ्ट घ्या. गुरगुरल्यावर मारू नका. गुरगुरणं बंद पडलेला कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो. शांत कुत्रा अचानक चिडका झाला तर कान, दात, सांधे आधी तपासून घ्या; दुखणं हे चावण्याचं मोठं कारण आहे. आणि मुसकं आहे म्हणून विसर्जन मिरवणुकीच्या ढोलताशात नेऊ नका. तेव्हा त्याची जागा घरातच, दारं-खिडक्या लावून.

नखं तर मोकळीच असतात. ओरखडा उठला किंवा कधी दात लागलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही भरू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. दंडाच्या स्नायूत देतात त्या रेबीजच्या लसीचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. दात किंवा नख लागून रक्त आलं असेल तर जखमेत द्यायच्या इम्युनोग्लोब्युलिनबद्दलही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) विचारा.

देखभाल सोपी. फिरून आल्यावर साबणाच्या पाण्याने धुवा, पुसून वाळवा. पावसाळ्यात चामड्याचा पट्टा वाळत नाही, वास मारतो, म्हणून नायलॉनचा किंवा रबरी पट्टा बरा. दर वेळी काढल्यावर नाकाच्या दांड्यावर बोट फिरवा; केस गेलेत किंवा कातडी लाल झालीय तर आत मऊ अस्तर चिकटवा, तरी घासतंय तर माप चुकलंय. रंगीत घेतलंत तर एक वरकमाई: लोक लांबूनच रस्ता बदलतात, आणि घाबरट कुत्र्याला नेमकं तेवढंच अंतर हवं असतं.