मूडल ४.५, आठ महिन्यांनंतर: सगळं चालतं, 'अ ब क ड' चालत नाही

मूडल या ऑनलाइन अभ्यासक्रम आणि परीक्षांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रश्नपेढीची फाइल चढवली, इम्पोर्ट दाबलं आणि १२० पैकी एकही प्रश्न आत गेला नाही. कारण काय, तर पर्यायांपुढे अ), ब), क), ड) लिहिलं होतं. आयकेन फॉरमॅटला (साध्या टेक्स्टमध्ये लिहिलेले बहुपर्यायी प्रश्न मूडलमध्ये घेण्याची एक पद्धत) पर्यायाची ओळ इंग्रजी कॅपिटल अक्षरानेच सुरू झालेली लागते, पुढे टिंब किंवा कंस. शेवटच्या ओळीत 'आन्सर' हा शब्दही इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि त्यापुढे अक्षर. 'उत्तर : ब' लिहिलंत तर मूडलच्या लेखी ते उत्तर नाहीच.

पुण्यातल्या एका कॉलेजात जुलै ते फेब्रुवारी, कला आणि वाणिज्य शाखेच्या तीसेक प्राध्यापकांचे अभ्यासक्रम मूडलवर उभे करून देण्याचं काम, त्या वापरावरचं हे मत आहे. मूडल म्हणजे काय, ते फुकट कसं, हे इथे सविस्तर सांगत बसत नाही. दोन दशकं जुनं, जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर आहे, मराठी भाषेचा पॅकही आहे. मेनू मराठीत दिसतो, पण मराठीत टाइप केलेला पर्याय ओळखता येत नाही. याचा राग येतो, आणि तो पुढे अधूनमधून दिसेल.

फाइंड-रिप्लेस मारून सुटणारा प्रश्न वाटतो. तसा सुटत नाही. नुसतं 'ब)' शोधून बदललं की वाक्यात कंसात आलेल्या '(पंजाब)' मधला ब सुद्धा इंग्रजी होतो. त्यामुळे वर्डमध्ये शोधताना आधी परिच्छेदखूण टाकायची, म्हणजे फक्त ओळीच्या सुरुवातीचं अक्षर बदलतं. मग फाइल साध्या टेक्स्टमध्ये, यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं साठवण्याची पद्धत) निवडून सेव्ह करायची. हे एन्कोडिंग चुकलं तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधल्या प्रश्नपेढ्या आधी कन्व्हर्टरमधून काढाव्या लागतात, आणि त्यानंतर क्ष, ज्ञ, श्र, ऱ्य ही अक्षरं डोळ्यांनी तपासावीच लागतात.

एवढं करून प्रश्न आत गेले की पडद्यावर पर्यायांना पुन्हा इंग्रजी ए, बी, सी, डी लागतात. क्रमांकनात इंग्रजी अक्षरं, अंक, रोमन आणि 'काही नको' एवढेच प्रकार आहेत. अ ब क ड नाही. आपण 'काही नको' निवडावं. आणि इथेच खरी मेख आहे: पर्यायांची अदलाबदल मुळातच चालू असते. आपल्याकडच्या निम्म्या प्रश्नांत 'अ आणि क दोन्ही बरोबर' किंवा 'वरीलपैकी सर्व' असतं. अदलाबदलीत 'वरीलपैकी सर्व' पहिल्या क्रमांकावर येतं आणि मुलं विचारतात, वर काय आहे? अशा प्रश्नांपुरता शफल बंद करायचा, किंवा त्याहून बरं, तो पर्यायच काढून प्रश्न नीट लिहायचा.

चौथ्या महिन्यात मत थोडं बदललं, ते गिफ्ट फॉरमॅटमुळे, म्हणजे टेक्स्टमधून प्रश्न आत घेण्याच्या दुसऱ्या पद्धतीमुळे. त्यात पर्यायांना अक्षरंच लागत नाहीत. प्रश्न लिहायचा, महिरपी कंस उघडायचा, बरोबर उत्तराआधी = आणि चुकीच्या पर्यायांआधी ~ टाकून कंस बंद. दोन प्रश्नांमध्ये एक रिकामी ओळ, प्रश्नाच्या आत मात्र एकही नाही. प्रश्नात मुळातच =, ~, # किंवा महिरपी कंस असेल (अर्थशास्त्रात असतोच) तर त्याआधी उलटी तिरपी रेघ. एक्सेलमध्ये एक रकाना प्रश्नाचा आणि चार पर्यायांचे करून सूत्राने ही ओळ जोडून घेता येते. प्राध्यापकांना फक्त एक्सेल भरायला द्यायचं आणि पहिला पर्याय नेहमी बरोबर लिहायला सांगायचा, क्रम मूडल बदलतंच. तेव्हा आयकेनवरचा राग निम्मा माफ. पण बहुतेक प्रशिक्षणांत प्राध्यापकांना 'सोपं' म्हणून आयकेनच शिकवतात.

लघुत्तरी प्रश्नांत मात्र मराठीची खरी परीक्षा आहे. 'सासवड कोणत्या नदीकाठी आहे?' उत्तर: कऱ्हा. यातला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर फरक शून्य, पण मूडल अक्षरांचे कोड जुळवतं, त्यामुळे एकाला पूर्ण गुण आणि दुसऱ्याला भोपळा. कोणता कीबोर्ड वापरला यावर गुण ठरतात. उपाय दोन. एक, दोन्ही रूपं वेगवेगळी उत्तरं म्हणून १०० टक्के गुणांसह भरायची. दुसरा, तारांकन वापरून 'क*हा' लिहायचं. पण दुसरा उपाय करण्याआधी विचार करा, कारण त्यात 'कडक चहा' सुद्धा बरोबर ठरतो. संख्यात्मक प्रश्नांत तर १२ हा आकडा देवनागरीत लिहिला की संख्या म्हणून घेतच नाही. प्रश्नाखालीच 'आकडे इंग्रजीत लिहा' अशी सूचना टाकावी.

यापेक्षा गंभीर गोष्ट गुणपुस्तकात आहे, तिच्यावर कमी लिहितोय एवढंच. गुणांची बेरीज करणाऱ्या 'नॅचरल' पद्धतीत रिकामे गुण वगळण्याची खूण आधीपासून असते. पाचपैकी एकच असाइनमेंट देऊन २० पैकी १८ मिळवलेल्या मुलाला एकूण ९० टक्के दिसतात आणि तो निवांत राहतो. एकूण गुणांच्या सेटिंगमध्ये ती खूण काढली की न दिलेल्या असाइनमेंटला शून्य धरलं जातं. सत्राच्या सुरुवातीलाच काढली तर मात्र सगळा वर्ग नापास दिसतो, म्हणून आधी वर्गाला सांगून ठेवायचं.

असाइनमेंटमध्ये ड्यू डेट आणि कट-ऑफ डेट वेगळ्या. ड्यू डेट उलटली तर फक्त 'उशिरा' शिक्का बसतो, दार बंद होतं ते कट-ऑफला. प्राध्यापक पहिली भरतात, दुसरी रिकामी ठेवतात आणि महिन्याने आलेल्या फाइली पाहून चिडतात. क्विझमध्ये वेळ संपल्यावर काय करायचं, तिथे 'आपोआप सबमिट' हेच ठेवा. 'वेळेत सबमिट न केल्यास धरायचं नाही' हा पर्याय चुकून लागला की वीज गेलेल्या मुलाचा अख्खा पेपर बाद. आणि पुण्यात परीक्षा गुरुवारी ठेवू नका, देखभालीसाठी वीज बंद ठेवायचा तो ठरलेला वार. रिव्ह्यूमध्ये बरोबर उत्तरं परीक्षा देताच दिसतात, तीही खूण काढा, नाहीतर सकाळच्या तुकडीची उत्तरं दुपारच्या तुकडीच्या व्हॉट्सअॅपवर असतात.

पैशांचं बोलायचं तर मूडल फुकट आहे, ते चालवणं नाही. क्रॉन, म्हणजे मूडलची मागची कामं आपोआप उरकणारा प्रोग्रॅम, दर मिनिटाला चालावं लागतं. आमच्या स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांत मिळून एक सर्व्हर) ते तासाला एकदाच चालायचं. परिणाम: फोरमचे मेल उशिरा, आणि मध्येच ब्राउझर बंद झालेल्या मुलांचे पेपर तासभर 'चालू'. तक्रारीला तीन आठवडे एकच उत्तर, 'सर्व्हर अप आहे'. सर्व्हर अप होता हे खरंच होतं. शेवटी स्वतंत्र व्हीपीएस (फक्त आपल्यासाठी राखलेला आभासी सर्व्हर) घेतला, भाडं दुपटीच्या आसपास गेलं. त्यावर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर अपलोडची मूळ मर्यादा १ एमबी, मूडल ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची २ एमबी. मूडलमध्ये ५० एमबी लिहून उपयोग नाही, सगळ्यांत छोटी मर्यादा जिंकते. टाइमझोन कोलकाता आहे ना तेही बघा, नाहीतर मुदती साडेपाच तासांनी सरकतात.

व्हिडिओ मूडलवर चढवू नका, बॅकअपची फाइल फुगते. यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवून लिंक द्या. तासाचं व्याख्यान सलग टाकणाऱ्यांसाठी: एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या साइटवरच्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा २०१४ मधला अभ्यास आहे, त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याचा मध्यक वेळ ६ मिनिटांपुढे गेला नव्हता. एका तासाचे दहाएक तुकडे करा, प्रत्येकात एचफाइव्हपीने (व्हिडिओत प्रश्न घालायचं मूडलमधलं साधन) एक प्रश्न पेरा. माइक कॉलरचा, पंखा बंद, आणि नदीपात्राजवळ राहत असाल तर गणपतीआधीच्या दोन महिन्यांत संध्याकाळी रेकॉर्डिंग नको, ढोलपथकांचा सराव कोणताही सॉफ्टवेअर फिल्टर खोडत नाही. प्रमाणपत्रं मराठीत काढू नका, पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलतीकडे जाते.

पाचपैकी चार तारे. कापलेला एक अ ब क ड साठी. मूडलचा कोड खुला आहे, आयकेनची पीएचपी फाइल छोटी आहे, त्यात देवनागरी अक्षरं बसवायला दोन-चार ओळी बदलाव्या लागतील. आम्ही बदलल्या नाहीत. पुढच्या अपडेटला त्या पुसल्या जातील, आणि त्या पुन्हा घालायच्या आहेत हे ठाऊक असलेला माणूस तोवर खात्यात असेलच असं नाही.